नाशिकचा हिवाळा, सह्याद्रीचे मुक्काम आणि एक केदारकंठा: फोर-सीझन स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी?

रानवाट_नाशिक

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी आणि बायको, दोघंही चाळिशीच्या घरात. राहायला इंदिरानगर. पाऊस उघडला की अधूनमधून बाहेर मुक्काम असतो. कधी गंगापूरच्या बॅकवॉटरला, कधी भंडारदरा, थंडीत साल्हेर नाहीतर धोडप. आजवर घरची ब्लँकेटं गाडीच्या डिकीत कोंबून भागवलं. पण यंदा डिसेंबरच्या शेवटी केदारकंठा ठरलाय, उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक. म्हटलं, आता एकदाच चांगली फोर-सीझन बॅग घ्यावी आणि तीच इथेतिथे सगळीकडे वापरावी.

ऑनलाइन एक आवडली आहे. वर ठळक अक्षरात '−१५ अंश, फोर सीझन' लिहिलंय, किंमत साडेतीन हजार. दोघांचं मिळून बजेट वीस हजारांपर्यंत आहे, म्हणजे स्वस्तातच काम होतंय. ही घेऊन टाकू का? डाऊन, म्हणजे पिसांची घ्यावी की सिंथेटिक? माझी उंची सहा फूट, त्या पायाकडे निमुळत्या होणाऱ्या ममी आकारात कोंडल्यासारखं होतं का? दोन बॅगा चेनने जोडून डबल करता येतात म्हणे, ते खरं का?

महत्त्वाचं राहिलंच. बायको भयंकर थंडीवाली आहे. एसी २६ वर असला तरी पायात मोजे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धन्य_तो_धागा

जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

आगाऊ_काका

साडेतीन हजारांत −१५? मी पाच देतो, −३० ची आणा. उरलेल्या पैशांत मिसळ.

खिंडवाला

रानवाट, घेऊन टाकू नका. आधी त्या पानावर खाली जाऊन बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुधा तीन आकडे असतील: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. ठळक छापलेला −१५ हा जवळजवळ नक्की एक्स्ट्रीमचा आकडा आहे. ज्या बॅगेचा एक्स्ट्रीम −१५ असतो तिचा कम्फर्ट साधारण +५ आणि लिमिट शून्याच्या आसपास येतो. म्हणजे ती साल्हेरची बॅग आहे, केदारकंठ्याची नाही.

हे आकडे ठरतात कसे ते सांगतो. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ नावाचं मानक आलं, २०१६ पासून त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. प्रयोगशाळेत माणसाच्या मापाचा, आतून तापवलेला पुतळा असतो. त्याला अंगभर पातळ आतले कपडे आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून, खाली मॅट देऊन बॅगेत झोपवतात आणि उष्णता किती वेगाने निसटते ते मोजतात. त्यावरून गणित करून आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे २५ वर्षांची, १६० सेंटीमीटर उंचीची, ६० किलोची बाई अंग सैल सोडून रात्रभर निवांत झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे २५ वर्षांचा, १७३ सेंटीमीटरचा, ७३ किलोचा पुरुष अंगाचं मुटकुळं करून आठ तास कसाबसा काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे तीच बाई सहा तास जिवंत राहील ते. झोपेल असं नाही. हिमदंश होणार नाही असंही नाही.

आता हा तिसरा आकडा पिशवीवर सगळ्यांत मोठा छापणाऱ्यांना काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

'फोर सीझन' याला तर कुठल्याच मानकात अर्थ नाही. ज्याला जसं वाटेल तसं तो छापतो. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा, आणि तुम्ही पंचविशीचे नाही हेही लक्षात ठेवा.

मृण्मयी_के

खिंडवाला यांना प्रचंड अनुमोदन. एक पुरवणी जोडते. वहिनींची बॅग निवडताना कम्फर्टचा आकडासुद्धा लागतो त्यापेक्षा आणखी पाच अंशांनी खालचा धरा. मीही त्याच पंथातली आहे. कागदावर शून्य कम्फर्टची बॅग असूनही मला रतनगडाच्या गुहेत मोजे, कानटोपी, सगळं चढवून झोपावं लागतं आणि शेजारी नवरा अर्धी चेन उघडी टाकून घोरत असतो. त्यामुळे दोघांना सारखीच बॅग घ्यायची हा हट्ट सोडा. तुम्हाला कमी उबेची चालेल, वाचलेले पैसे त्यांच्या बॅगेत घाला.

निफाडचा_द्राक्षवाला

राम राम. हिमालयाचं सोडा, आमच्या निफाडला या एकदा जानेवारीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो ना, तो आमच्या बांधापासून लांब नाही. काही सालं दोन अंशांपर्यंत खाली गेलेलं बघितलंय. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू ठेवायचं, मण्याला तडा जाऊ नये म्हणून रात्रभर जागायचं. त्या टायमाला तुमच्या −१५ च्या बॅगा घडांना घालता येत्याल का ते बघा.

आगाऊ_काका

एकरी किती बॅगा लागतील? थॉमसनला ममी आकार, सोनाकाला चौकोनी.

रानवाट_नाशिक

खिंडवाला, अगदी तुम्ही म्हणता तसंच निघालं. फोटोंच्या शेवटी कम्फर्ट +५, लिमिट ०, एक्स्ट्रीम −१५. वाचलो. धन्यवाद!

द्राक्षवाले भाऊ, एक शंका आहे. निफाडला दोन अंश होतात तर साल्हेरच्या माथ्यावर किती होत असतील? मग इथेच शून्याखालची बॅग नको का?

सातपूरचा_फिटर

उंचीचं सरधोपट गणित असं, की हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, साल्हेर १५६७, कळसूबाई १६४६. म्हणजे शहरात १० असेल तर माथ्यावर ४ धरायला हरकत नाही.

पण थंडीतल्या स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री हे गणित उलटतं. जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट भागात जाऊन साठते. गोदावरीच्या काठचा निफाडचा भाग म्हणूनच एवढा गारठतो. तशा पहाटे गडाचा माथा पायथ्याच्या गावापेक्षा उबदार असू शकतो. माथ्यावर मारतो तो वारा. तंबू आडोशाला लावला की निम्मं काम झालं.

तेव्हा सह्याद्रीत कुठेही, अगदी डिसेंबर-जानेवारीतसुद्धा, कम्फर्ट शून्य ते पाचची बॅग पुरून उरते. बॅकवॉटरला मुक्काम असेल तर मात्र तंबू पाण्याला चिकटून, खोलगटात लावू नका. दहा-वीस मीटर वर सरका. थंडीही कमी आणि दंवही कमी.

घोंगडीप्रेमी

एवढी मानकं, एवढे पुतळे. आमच्या आज्याने सगळी हयात एका घोंगडीवर काढली. मेंढरांमागे, रानात, उघड्यावर. घोंगडी खाली घ्या, वर घ्या, पावसात डोक्यावर घ्या. ओली झाली तरी ऊब धरते. ठिणगी पडली तरी भोक पडत नाही, तुमचं नायलॉन वितळतं. शिवाय धनगराच्या घरात चार पैसे जातात. ह्या चिनी पिशव्या कशाला?

सातपूरचा_फिटर

घोंगडीबद्दल आदर आहे, घरात दोन आहेत. लोकर ओली झाली तरी ऊब धरते हेही खरं. पण तेवढीच ऊब घोंगड्यांनी मिळवायची तर दोन-तीन लागतात, आणि त्यांचं वजन पाठीवर घेऊन साल्हेर चढायचा. आजोबांकडे घोडं होतं का?

घोंगडीप्रेमी

घोडं नव्हतं. तक्रारही नव्हती.

धन्य_तो_धागा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अहिंसक_ट्रेकर

डाऊनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून विचारतो. ती बदकाची आणि हंसाची पिसं असतात ना? आमच्या घरात असली वस्तू चालणार नाही. आईला कळलं तर मला बॅगेसकट बाहेर झोपवेल. तशी उद्देशपूर्ती होईल म्हणा.

खिंडवाला

हो, पिसं म्हणजे छातीकडची मऊ लव. ती बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून येते. जिवंतपणी उपटलेली नको असेल तर आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) असं प्रमाणपत्र असलेली बॅग बघा. पण तुमचा मुद्दा त्याआधीचा आहे, तेव्हा तुम्हाला सिंथेटिकच. त्यात कमीपणा काही नाही.

रानवाट यांच्या प्रश्नाकडेही येतो. डाऊन हलकी असते, दाबली की छोटी होते, आणि नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं टिकते. तिची प्रत 'फिल पॉवर'वर ठरते: एक औंस पिसं फुलून किती घनइंच जागा व्यापतात तो आकडा. ५५०-६०० साधी, ७००-७५० चांगली, ८०० च्या वर उत्तम आणि महाग. −१० कम्फर्टची बॅग डाऊनमध्ये दीड किलोच्या मागेपुढे बसते, सिंथेटिकमध्ये दोन-अडीच किलो होते आणि पिशवी अर्धी सॅक खाते. पण डाऊन भिजली की संपलं. ओल्या कापसाच्या गादीसारखी गोळा होते आणि वाळायला दिवस घेते. सिंथेटिक भिजूनही थोडीफार ऊब देते, पिळून, झटकून वापरता येते, स्वस्त असते.

अहिंसक_ट्रेकर

धन्यवाद. आईला हा धागा दाखवत नाही.

चहा_कटिंग

पिसं वापरणं म्हणजे चामड्याचे बूट वापरण्यासारखंच आहे, मग बूट कसे चालतात?

अहिंसक_ट्रेकर

माझे कापडी आहेत.

चहा_कटिंग

आणि दूध?

संपादक

शाकाहार, दूध आणि चामडं यांवर वेगळा धागा काढावा, जुने आठ आहेतच. इथे विषयाला धरून लिहावे. यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

मृण्मयी_के

बरं झालं. आता मी विषयाला धरून एक अवांतर करते. :)

गंगापूरच्या बॅकवॉटरला नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे एवढं दंव पडतं की तंबूचं बाहेरचं कापड हाताने निपटून काढावं लागतं. आतूनही आपल्याच श्वासाची वाफ थेंब होऊन बसते. उंच माणसाची बॅग पायाशी तंबूच्या भिंतीला टेकते आणि तेवढाच भाग ओला होतो. सहा फुटी रानवाट, हे तुमच्यासाठी. नेमके पायच गार पडतात आणि दोष मात्र बॅगेला. उपाय साधा: रेनकोट किंवा सॅकचं कव्हर बॅगेच्या पायावर चढवून ठेवा. आणि तंबूच्या वरच्या खिडक्या बंद करू नका, कितीही गारठा असला तरी.

बॅगेत तोंड घालून झोपायचं नाही हेही ओघाने आलंच. श्वासाची सगळी ओल आत राहते. हूडची दोरी ओढायची, नाक-तोंड बाहेर.

निफाडचा_द्राक्षवाला

खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि मग गारठा वाजतो म्हणायचं. आम्ही असतो तर शेगडीच आत घेतली असती.

टेकडीवरचा_डॉक्टर

भाऊ, गंमत म्हणून लिहिलंय हे कळतंय, पण हे वाचून एखादा खरंच करेल. तंबूत शेगडी, कोळसा, गॅसचा बर्नर, काहीही पेटतं ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दरवर्षी थंडीत अशा बातम्या असतात, बंद खोल्यांतल्याही.

ऊब हवी तर झोपण्याआधी गरम पाण्याची बाटली भरा, झाकण नीट लागलंय ना हे दोनदा बघा, वर मोजा चढवा आणि मांड्यांमध्ये किंवा पोटाशी घ्या. मोजा यासाठी की झोपेत चटका कळत नाही, विशेषतः मधुमेह असेल तर. बाटली पहाटेपर्यंत टिकते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी मिळतं. निजण्यापूर्वी काहीतरी तुपातलं खा. रात्री लघवीला लागली तर टाळत बसू नका, बाहेर जाऊन या. कुढत पडून राहिलं की झोपेचं खोबरं होतंच.

आगाऊ_काका

बाहेर जाऊन या म्हणता, बाहेर बिबट्या असतो. आमच्या मित्राची चेन आतून अडकली होती. तो म्हणाला, बरं झालं, निर्णय माझ्या हातात राहिला नाही.

देवळालीकर

काका, चेनवरून आठवलं. बॅग घेताना चेन वीस वेळा खालीवर करून बघा, अगदी भरभर, अंधारात करतो तशी. आतल्या कापडाची पट्टी चेनमध्ये अडकत असेल तर ती बॅग नको. चांगल्या बॅगेत चेनच्या आतून एक जाडसर भरीव नळी असते, तिथून थंडी शिरू नये म्हणून. शिवाय मानेभोवती एक वेगळी भरीव कॉलर. शून्याखालच्या बॅगेला ही कॉलर नसेल तर कूस बदलली की आतली गरम हवा मानेतून फुस्सकन बाहेर जाते.

आमचे सासरे तोफखान्यातले, लडाखला राहून आलेले. त्यांचं एकच म्हणणं: वरून येणारी थंडी रडवते, खालून येणारी मारते. ते बॅगेविषयी कधी विचारत नाहीत, खाली काय घालणार तेवढंच विचारतात.

सातपूरचा_फिटर

सासरेबुवांना दंडवत. ह्याचीच वाट बघत होतो. इतके प्रतिसाद झाले आणि मॅटवर कोणी बोललंच नाही!

बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, तुमची ऊब धरून ठेवते, आणि ती धरते तिच्यात अडकलेली हवा. तुम्ही आडवे झालात की अंगाखालचा भाग दाबला जातो, हवा निघून जाते. पाठीखाली बॅग असून नसल्यासारखीच. खाली गडाचा कातळ असेल तर तो रात्रभर तुमची ऊब शोषत राहतो. म्हणून पुतळ्याची परीक्षासुद्धा मॅटवर होते. −१० ची बॅग आणि खाली योगा मॅट, तर तो −१० विसरा.

मॅटला आर-व्हॅल्यू असते. जास्त आकडा म्हणजे ऊब कमी निसटते. २०१८ पासून यासाठी एएसटीएम एफ३३४० अशी एकच सामायिक चाचणी आहे, तेव्हा त्यानुसार छापलेला आकडा असेल तर दोन कंपन्यांची तुलना करता येते. घडी घालायची जाड फोमची मॅट साधारण २ च्या आसपास. सह्याद्रीतल्या थंडीला २-३ पुरे. बर्फावर ५ च्या वर पाहिजे. सगळ्यांत भारी गोष्ट म्हणजे आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. २ ची फोम आणि वर ३ ची हवा भरायची मॅट, झाले ५. हवेची फुटली तरी खाली फोम शिल्लक.

रानवाट, तुमच्या वीस हजारांतले पाच-सहा हजार आधी मॅटसाठी बाजूला काढा. मग बॅग.

घोंगडीप्रेमी

म्हणजे खाली जाड, वर हलकं. घोंगडी खाली घालायची हे मी मघाशीच म्हटलं होतं.

सातपूरचा_फिटर

... हे मान्य करावं लागेल.

धन्य_तो_धागा

इतिहासात नोंद करा. या फोरमवर कोणीतरी काहीतरी मान्य केलं.

सिडको_ते_सांकरी

केदारकंठा दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातच केलाय, म्हणून लिहितो. शिखर ३८०० मीटरच्या थोडं वर. मुक्काम जुडा का तालाब आणि त्याच्या वरच्या बेस कॅम्पला, तिथे बर्फावरच तंबू असतात. रात्री शून्याखाली पाच-दहा सहज, वारं सुटलं तर विचारू नका.

पण मुळात तुम्ही एखाद्या संस्थेबरोबर जाताय ना? मग तंबू, मॅट आणि स्लीपिंग बॅग बहुतेक ठिकाणी त्यांचीच असते, फीमध्ये धरलेली. आधी फोन करून विचारा. एका ट्रेकसाठी −१० ची बॅग विकत घेऊन ती पायथ्याच्या सांकरी गावापर्यंत मंगला एक्सप्रेस, दिल्ली, देहरादून अशी वाहून न्यायची आणि मग नाशिकला आणून माळ्यावर टाकायची, हे मला पटत नाही. बॅकवॉटरला ती वापरायला काढाल तर घामाने भिजाल.

मृण्मयी_के

त्या भाड्याच्या बॅगांबद्दल सांगते. आम्हाला एका ट्रेकला मिळालेल्या बॅगा अशा चपट्या झाल्या होत्या की आकडा काही का छापलेला असेना, आतली पिसं कोपऱ्यात गेलेली. उजेडात धरली तर आरपार दिसत होतं. हंगामभर रोज नवा माणूस झोपतो, कोण धुतंय! तेव्हा त्यांची बॅग घ्यायची तर हातात आल्याआल्या उघडून जोरात झटका, अर्धा तास पसरून ठेवा, गुठळ्या बोटांनी मोकळ्या करा. तरी फुलली नाही तर लाजू नका, दुसरी मागा. दोन बॅगा एकात एक घालूनही झोपता येतं, त्यांच्याकडे जादा असतात.

आणि स्वतःचं लाइनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायचं पातळ अस्तर न्या. रेशमी घ्या, मुठीत मावतं. फ्लीसचं जास्त उबदार पण जड. त्याने दोन-चार अंशांचा फरक पडतो आणि दुसऱ्याच्या घामाशी संबंध येत नाही. शिवायला टाकलं तरी होतं, जुन्या साडीचंसुद्धा.

चहा_कटिंग

बॅगेत कमीत कमी कपडे घालून झोपावं, म्हणजे अंगाची ऊब बॅगेला मिळते, असं एका गाइडने छातीठोक सांगितलं होतं. खरं का? गाइडचा हेतू शुद्ध होता असं धरून चाला.

खिंडवाला

नाही. कोरडा, सैल, पातळ थर अंगावर असला तर ऊब वाढतेच. पुतळ्यालाही कपडे घालतात म्हटलं ना मी! दंतकथा पसरली ती दोन कारणांनी. एक, लोक दिवसभराचे घामट कपडे घालूनच शिरतात आणि गारठतात. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, मोजे तर नक्कीच. दोन, जाड जॅकेट घालून अरुंद बॅगेत घुसलं की ती आतून ताणली जाते, भरण दाबलं जातं, आणि उलटं थंड वाटतं. जॅकेट बॅगेवर पांघरा किंवा पायाशी घाला.

ह्यावरूनच मापाचं. सहा फुटी माणसाने लाँग साइज घ्यायची. पायाची बोटं आणि डोकं दोन्हीकडून कापड ताणलं गेलं तर तिथूनच थंडी शिरते. पण मोकळीढाकळी घेऊ नका, रिकामी जागा तापवायला तुमचीच ऊब जाते. ममीत कोंडल्यासारखं होणारे काही जण असतात हे खरं. त्यांना गुडघ्यापाशी रुंद असलेल्या बॅगा मिळतात. ऑनलाइन मागवू नका, दुकानात बूट काढून जमिनीवर आत शिरून झोपून बघा. कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, चेन आतून एका हाताने लावा.

आगाऊ_काका

मी असा दुकानात झोपलो होतो. एसी चालू होता, डुलकी लागली. विक्रेत्याने उठवलं तेव्हा बायको बिलिंगला निघून गेली होती, दुसरंच काहीतरी घेऊन.

देवळालीकर

डबल करायचं राहिलं. एकीची चेन डावीकडे, दुसरीची उजवीकडे आणि दोन्ही एकाच जातीच्या असतील तरच जुळतात. चौकोनी बॅगांना ठीक आहे. थंडीत ममी जोडल्या की दोघांच्या माना उघड्या पडतात आणि मधल्या फटीतून वारा खेळतो. थंडीवाल्या वहिनींसाठी तरी नको.

निफाडचा_द्राक्षवाला

गडावर राहायचं म्हणता ते आता सगळीकडं चालतं का? कळसूबाईकडं अभयारण्य आहे, वनखात्याचा नाका लागतो.

सिडको_ते_सांकरी

बरोबर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मुक्कामाचे नियम बदलत असतात. जाण्याआधी वनखात्याला किंवा पायथ्याच्या गावात विचारायचं. मी तर बारीसारख्या गावात कोणाच्या तरी अंगणात तंबू टाकतो, पिठलं-भाकरी तिथेच, पहाटे वर. गावाला दोन पैसे मिळतात आणि रात्री चूल जवळ असते.

कॉलेजरोड_वरची

मोठे लोक बोलताहेत म्हणून गप्प होते, पण धुण्याबद्दल कोणी सांगेल का? माझ्या बॅगेला आता गडाचा, धुराचा आणि बहुतेक माझा वास येतो. आई म्हणते ड्रायक्लीनला टाक.

खिंडवाला

डाऊन असेल तर ड्रायक्लीन अजिबात नको. त्या रसायनांनी पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि ती पुन्हा फुलत नाहीत. वर झाकण असलेल्या, मध्ये दांडा असलेल्या मशीनमध्येही नको, आतली शिवण फाटते. फ्रंट लोडर, हलकं चक्र, सौम्य साबण, आणि दोनदा जादा खळबळून घ्या. नाहीतर बाथरूममध्ये मोठ्या टबात हाताने. ओली बॅग दोरीवर टांगायची नाही, वजनाने फाटते. दोन्ही हातांवर बाळ उचलावं तशी उचला. ड्रायरला कमी आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून फिरवा, गुठळ्या फुटतात. ड्रायर नसेल तर सावलीत चादरीवर पसरून दर तासाला गुठळ्या मोकळ्या करत बसा. दोन-तीन दिवस लागतात. एप्रिलमध्ये करा, जुलैत नाही.

वारंवार धुऊ नका. लाइनर धुवा.

कॉलेजरोड_वरची

दोन-तीन दिवस! आता वासच चालेल.

सातपूरचा_फिटर

आणि ठेवताना त्या दाबायच्या पिशवीत ठेवू नका. भरण कायमचं बसतं, डाऊन असो वा सिंथेटिक. मोठ्या सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल कोंबून कपाटात. माळ्यावर ठेवाल तर उंदीर बाळंतपणासाठी तीच निवडतील. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून वारा द्या.

रानवाट_नाशिक

मंडळी, चार दिवस ऑफिसात अडकलो होतो, इकडे धाग्याने पन्नाशीकडे कूच केलेलं. सगळं वाचून काढलं. बायकोलाही वाचायला दिलं, तिने फक्त मृण्मयीताईंचे प्रतिसाद पूर्ण वाचले.

आमच्या संस्थेला फोन केला. बॅग आणि मॅट त्यांचीच आहे. कम्फर्ट किती विचारलं तर पलीकडचा मुलगा म्हणाला, 'सर, मायनस पंधरा.' मी म्हटलं, एक्स्ट्रीम की कम्फर्ट? तो म्हणाला, 'सर, विचारून सांगतो.' अजून विचारतोय.

तर सध्या असं ठरवलंय. सह्याद्रीसाठी मला सिंथेटिक, कम्फर्ट ५, लाँग. बायकोला डाऊन, कम्फर्ट −५ च्या आसपासची, कॉलरवाली. ती केदारकंठ्यालाही तीच नेणार, सोबत लाइनर आणि गरम पाण्याची बाटली. मी तिथे संस्थेची वापरतो, चपटी निघाली तर दुसरी मागतो. दोघांना फोमच्या मॅट, आणि एक हवेची. ती कोणाला हे विचारू नका.

पण एक अडलंय. तिची −५ ची बॅग भंडारदऱ्याला फार गरम नाही का होणार?

मृण्मयी_के

नाही होणार. :) झालीच तर चेन उघडून दुलईसारखी पांघरेल. उबदार बॅग थंड करता येते, थंड बॅग उबदार करायला सगळी वरात लागते. त्यांना बोलू द्या की एकदा स्वतः!

सिडको_ते_सांकरी

मला अजूनही वाटतं की एका ट्रेकसाठी डाऊनवर खर्च नको. आधी जाऊन या, आवडलं तर पुढच्या वर्षी घ्या. कितीतरी जणांच्या महागड्या बॅगा एकदा वापरून कपाटात पडलेल्या बघितल्यात.

खिंडवाला

इथे माझं मत वेगळं. थंडीवाल्या माणसाची पहिलीच बर्फातली रात्र वाईट गेली तर दुसरा ट्रेक होतच नाही. वहिनींची बॅग घ्या. तुमची टाळलीत तरी चालेल, ब्लँकेटं आहेतच.

रानवाट_नाशिक

हेच घरातही ऐकतोय. ठीक, रविवारी दोघं दुकानात जाऊन झोपून बघतो.

कॉलेजरोड_वरची

काका, वहिनींची डाऊन बॅग फेब्रुवारीत रिकामी असेल तर भाड्याने देणार का? मी इंदिरानगरला येऊन घेऊन जाईन. परत देताना धुऊन देईन.

रानवाट_नाशिक

देईन. एकाच अटीवर, धुवायची नाही.